कुत्रा आणि कोंबड्या एकाच अंगणात: कोणता कुत्रा राखण करतो, कोणता फडशा पाडतो?

दिवस मावळला की कोंबड्या खुराड्यात घालताना मोजायच्या, ही घरोघरच्या बायकांची सवय. एक कमी भरली की शोधाशोध सुरू होते. पहिला संशय मुंगसावर, मग घारीवर, मग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर. आपल्या दारातल्या कुत्र्याचं नाव सगळ्यात शेवटी निघतं. "आमचा मोत्या तसला नाही," असं प्रत्येक घरात म्हणतात. आणि बऱ्याच वेळा ते खरंही असतं. पण कधी कधी उकिरड्यामागं पिसं सापडतात आणि मोत्याच्या तोंडाला एखादं चिकटलेलं असतं.

परसातल्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. साधी गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. बाजारात गावरान अंड्याला पांढऱ्या अंड्यापेक्षा चांगला भाव मिळतो आणि हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. पोरांच्या वह्या, बचत गटाचा हप्ता, आजारपणातला रिक्षाचा खर्च त्यातून निघतो. खुडूक बसलेली कोंबडी कुत्र्यानं धरली तर कोंबडी जाते, तिच्याखालची दहा-बारा अंडी जातात आणि एकवीस दिवसांनी निघणारी पिल्लंही जातात. त्यात कोंबडी शेजाऱ्याची असली तर भांडण वेगळंच.

म्हणून कुत्रा कोंबडीशी असा का वागतो, कोणत्या कुत्र्याचा किती भरवसा धरायचा आणि दोघांना एका अंगणात कसं नांदवायचं, हे जरा नीट समजून घेऊ.

कुत्रा कोंबडी का धरतो?

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे उपाशी कुत्रा कोंबडी मारतो. तसं असतं तर पोटभर भाकरी-दूध खाणारा कुत्रा कोंबडीकडं बघितलाही नसता. शिकारीची ओढ आणि पोटाची भूक या कुत्र्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली की दुसरी असतेच असं नाही.

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडग्याची शिकार पायरीपायरीनं चालते. आधी नजर लावायची, मग दबा धरून पुढं सरकायचं, मग पाठलाग, मग धरायचं, मग मारायचं, मग फाडून खायचं. माणसानं हजारो वर्षं आपल्या कामाप्रमाणं कुत्रे निवडले. निवडताना या साखळीतल्या काही पायऱ्या बळकट झाल्या, काही कमजोर पडल्या. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यात नजर लावणं आणि पाठलाग राहिला, मारणं दबलं. पक्षी उचलून आणणाऱ्या कुत्र्यात धरणं राहिलं, चावणं मऊ झालं. उंदीर-घुशी मारणाऱ्या कुत्र्यात मात्र मारण्याची पायरी मुद्दाम धारदार केली गेली.

आता कोंबडीचा स्वभाव बघा. ती घाबरली की फडफडते, ओरडते, वेडीवाकडी पळते. या तिन्ही गोष्टींनी कुत्र्यातली पाठलागाची पायरी एकदम जागी होते. शांतपणे दाणे टिपणाऱ्या कोंबडीकडं दुर्लक्ष करणारा कुत्रा तीच कोंबडी फडफडत पळाली की मागं धावतो. पाठलागातच त्याला मजा येते. खायला मिळो न मिळो.

एका रात्रीत आठ-आठ कोंबड्या मेलेल्या सापडतात आणि एकही खाल्लेली नसते, त्याचं कारण हेच. बंद खुराड्यात कोंबड्यांना पळायला जागा नसते. एक धरली की दुसरी फडफडते, दुसरी पडली की तिसरी. कुत्र्यापुढची हालचाल थांबतच नाही, म्हणून तोही थांबत नाही. "माजलाय, मजेसाठी मारतोय," असं आपण म्हणतो. खरं तर त्याच्या डोक्यातली साखळी तुटायला वावच मिळालेला नसतो.

कोणता कुत्रा कसा वागतो?

आपल्या भागात आता गावठी कुत्र्याबरोबर विकत आणलेले जातिवंत कुत्रेही दिसतात. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

गावठी कुत्रा: अंगणातच जन्मलेला, कोंबड्यांच्या पायात लुडबुडत मोठा झालेला गावठी कुत्रा बहुतेक वेळा घरच्या कोंबड्यांना त्रास देत नाही. लहानपणी पिल्लं सांभाळणाऱ्या कोंबडीनं नाकावर चोच मारलेली असते, ती तो विसरत नाही. असा कुत्रा अनोळखी जनावर आलं की भुंकतो, मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांना लांब ठेवतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घरच्या कोंबड्या ओळखणारा कुत्रा शेजारच्या कोंबड्यांना तसंच ओळखेल असं नाही. आणि एकटा असताना शहाणा असलेला कुत्रा रात्री तीन-चार कुत्र्यांच्या टोळीत गेला की त्याचं वागणं बदलतं. एकानं धाव घेतली की बाकीचे मागं लागतात.

कारवान, पश्मी, मुधोळ: लातूर आणि मराठवाड्याच्या बाकी भागात कारवान आणि अंगावर जरा मोठे केस असलेला पश्मी पाळायची जुनी रीत आहे. त्याच वळणाच्या कुत्र्याला कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ गावाचं नाव मिळालं. लांब पाय, बारीक कंबर, निमुळतं तोंड. हे कुत्रे वासापेक्षा नजरेनं शिकार करतात. लांबवर काही हललं की सुसाट सुटतात. ससा पकडण्यासाठीच त्यांची पैदास झाली. अशा कुत्र्यासमोर कोंबडी पळाली तर तुम्ही हाक मारेपर्यंत काम झालेलं असतं. लहानपणापासून कोंबड्यांत वाढलेला कारवान शांत राहू शकतो, पण मोकळ्या रानात त्याच्या भरवशावर कोंबड्या सोडू नयेत.

जर्मन शेफर्ड: ही जात मूळची मेंढ्या वळवणारी. हा कुत्रा कोंबड्यांभोवती चकरा मारतो, त्यांना कोपऱ्यात गोळा करतो, मागं मागं फिरतो. बघणाऱ्याला गंमत वाटते. पण कोंबड्यांच्या जिवाला घोर लागतो. दिवसभर कुत्रा मागं लागला की कोंबड्या नीट चरत नाहीत, अंडी कमी होतात किंवा थांबतात. शेफर्ड हुशार असतो, सांगितलेलं लवकर शिकतो. त्याला काम आणि व्यायाम दिला तर निभावतं. दिवसभर साखळीला बांधून संध्याकाळी मोकळा सोडला तर तो साठलेली सगळी ताकद कोंबड्यांमागं घालवतो.

लॅब्राडोर: गोळी लागून पाण्यात पडलेलं बदक न चावता उचलून मालकाला आणून द्यायचं, हे या जातीचं काम. म्हणून लॅब्राडोर कोंबडीचं पिल्लू अलगद तोंडात धरून तुमच्यापुढं आणून ठेवतो आणि शेपटी हलवत उभा राहतो. दाताची खूण दिसत नाही, तरी पिल्लू दबून, भिजून किंवा भीतीनं मरतं. मोठी कोंबडी यातून वाचते, पण पिसं उपटली जातात. सहा महिने ते दीड-दोन वर्षांचा लॅब्राडोर फार दंगेखोर असतो. त्याला मारायचं नसतं, खेळायचं असतं. कोंबडीच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच.

डॅशहाउंड आणि टेरियर जातीचे कुत्रे: आखूड पायाचा, लांब अंगाचा डॅशहाउंड बघून कुणाला भीती वाटत नाही. पण ही जात बिळात शिरून जनावर धरण्यासाठी तयार केली. टेरियर तर घुशी-उंदीर मारण्यासाठीच. हे कुत्रे खुराड्याच्या खालून माती उकरून आत शिरतात, धरलं की मान झटकून मारतात आणि पटकन दुसऱ्याकडं वळतात. लहान आहे म्हणून याला कोंबड्यांत मोकळं सोडू नका.

पोमेरेनियन म्हणून विकला जाणारा पांढरा झुपकेदार कुत्रा: हा भुंकतो फार, धावतो थोडा. मोठा कोंबडा उलट अंगावर गेला तर हा मागं फिरतो. मोठ्या कोंबड्यांना त्याचा फारसा धोका नाही, पण आठवडाभराच्या पिल्लांना आहे.

डॉबरमन, रॉटवायलर, पिटबुल: यांच्या जबड्याची ताकद इतकी असते की एक चूकही कोंबडीला जगू देत नाही. यांच्यावर प्रयोग करत बसू नका. कोंबड्या एका बाजूला, कुत्रा एका बाजूला, मध्ये पक्की जाळी. सोपा हिशेब.

जात बघायची की कुत्रा?

वर जातीप्रमाणं सांगितलं खरं, पण जातीवर सगळं ठरत नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या संशोधकांनी १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुकही तपासले. निष्कर्ष असा निघाला की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्केच फरक जातीनं सांगता येतो. माणसाचं ऐकण्यासारख्या काही बाबतीत जातीचा वाटा जरा जास्त दिसला. बाकी फरक त्या त्या कुत्र्याचा स्वभाव, त्याचं लहानपण आणि त्याला मिळालेलं वळण यांतून येतो.

म्हणून जात हा पहिला अंदाज समजा. शेवटचा निकाल तुमच्या अंगणातल्या कुत्र्याकडं बघूनच लावायचा.

लहानपण सगळ्यात मोलाचं

अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या पिल्लांवर बरीच वर्षं काम केलं आणि १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं की जन्मानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात फार महत्त्वाचा असतो. या काळात जे आजूबाजूला असतं, ते पिल्लू 'आपलं' म्हणून धरतं.

आपल्या धनगर बांधवांना हे पुस्तक वाचायची गरज पडली नाही. कळपाची राखण करणारा कुत्रा ते पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच ठेवतात. तो कोकरांच्या शेजारी झोपतो, कळपाबरोबर चालतो. मोठेपणी लांडगा आला तर अंगावर जातो, पण कोकरू उड्या मारत पळालं तरी त्याच्या मागं लागत नाही. युरोपातही राखणीचे कुत्रे असेच वाढवतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेमंड कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासकानं तिकडचे कुत्रे अमेरिकेतल्या मेंढपाळांना देऊन ही रीत तिथं तपासली आणि ती लागू पडते असं दाखवलं.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. कोंबड्या असतील आणि कुत्रा आणायचा असेल तर दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आणा. दोन वर्षांचा, शहरात फ्लॅटमध्ये वाढलेला कुत्रा कुणी "फुकट घेऊन जा" म्हणालं, तर आधी चार वेळा विचार करा. त्यानं आयुष्यात कोंबडी बघितलेली नसते.

मात्र कोंबड्या आणि मेंढ्या यांत एक फरक आहे. मेंढरू फडफडत नाही. त्यामुळं मेंढ्या राखणारा चांगला कुत्राही कोंबड्यांच्या बाबतीत, खासकरून वय एक-दीड वर्षाचं असताना, खेळता खेळता एखादी मारू शकतो. वयाची दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत कुठलाही कुत्रा कोंबड्यांबरोबर एकटा सोडू नये.

कुत्र्याच्या अंगाकडं बघा

कुत्रा बोलत नाही, पण त्याचं अंग बोलतं. कोंबडी समोर असताना या खुणा बघा.

धोक्याच्या खुणा:
• अंग ताठ, तोंड बंद, कान पुढं.
• नजर एकाच कोंबडीवर खिळलेली. हाक मारली तरी कान हलत नाही.
• एक पाय उचलून थबकणं, मग हळू हळू पुढं सरकणं.
• अंग थरथरणं, बारीक आवाजात कुईकुई करणं.

चांगल्या खुणा:
• अंग सैल, तोंड किंचित उघडं.
• कोंबडीकडं बघून मान वळवणं, जमीन हुंगणं.
• कोंबडी जवळून गेली तरी पडून राहणं.
• हाक मारताच तुमच्याकडं बघणं.

शेपटी हलते म्हणजे कुत्रा खुशीत आहे, एवढ्यावर जाऊ नका. ताठ अंगावर शेपटी हलत असेल तर ती झेप घेण्याआधीची असू शकते.

शिकवायचं कसं?

यासाठी काही खास सामान लागत नाही. पट्टा, पंधरा-वीस फुटांचा दोर, दुधात भिजवलेल्या भाकरीचे तुकडे आणि घरातल्या एकाचा रोजचा थोडा वेळ.

१. कोंबड्या जाळीच्या आत आणि कुत्रा पट्ट्यावर, अशी सुरुवात करा. पंचवीस-तीस फुटांवर उभं राहा. कुत्रा शांत उभा राहील एवढं अंतर ठेवा.

२. त्यानं कोंबड्यांकडं बघितलं आणि मग तुमच्याकडं बघितलं की लगेच तुकडा द्या. 'कोंबड्या दिसल्या की मालकाकडं बघायचं' हेच त्याला शिकायचं आहे.

३. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पुरे. तासभर ताणू नका. कुत्रा कंटाळतो, तुम्हीही चिडता.

४. रोज दोन-चार पावलं जवळ जा. कुत्रा ताठ झाला की समजा, आपण घाई केली. परत मागं या.

५. जाळीजवळ शांत बसायला लागला की मगच दोन मोठ्या, धीट कोंबड्या बाहेर सोडा. कुत्रा पट्ट्यावरच. नंतर लांब दोर बांधून, दोराचं टोक तुमच्या हातात.

६. 'सोड' आणि 'बस' हे दोन शब्द घरातल्या सगळ्यांनी सारखेच वापरा. एक म्हणतो 'सोड', दुसरा म्हणतो 'हाड', तिसरा दगड उचलतो, यात कुत्र्याला काहीच कळत नाही.

७. पिल्लं आणि खुडूक कोंबडी सगळ्यात शेवटी. आणि त्यातही माणूस हजर असेल तेव्हाच.

यात आठवडे जातात, कधी दोन-तीन महिने जातात. काही कुत्रे शेवटपर्यंत शिकत नाहीत. तो कुत्र्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. अशा कुत्र्याला आणि कोंबड्यांना वेगळं ठेवायचं, एवढंच.

हे करू नका

मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची, म्हणजे त्याला वासाचा कंटाळा येतो, असं जुनी माणसं सांगतात. यातून कुत्रा काही शिकत नाही. कुजलेल्या कोंबडीवर माश्या बसतात, घरात रोगराई येते, कुत्र्याचे हाल होतात ते वेगळेच.

कोंबडी मारून तासाभरानं कुत्रा घरी आला आणि तुम्ही काठी घेतली, तर कुत्रा शिकतो काय? 'घरी गेलं की मार बसतो.' घडल्या क्षणी जे मिळतं, तेवढंच त्याला त्या कामाशी जोडता येतं. नंतरच्या मारानं कुत्रा बावरतो आणि पुढच्या वेळी माणसापासून लपून तेच करतो. "बघा, कसा तोंड लपवतो, याला कळतंय," असं आपण म्हणतो. ते तुमच्या रागाला घाबरणं असतं.

आणखी एक. घरी कोंबडी कापली की आतडी आणि पिसं उकिरड्यावर फेकायची सवय सोडा. त्या वासानं गावभरची कुत्री दारात जमतात आणि एकदा जमली की खुराड्यापर्यंत येतात. खोल खड्डा काढून पुरा.

खुराडं पक्कं तर निम्मं काम झालं

कुत्रा कितीही शहाणा असला तरी खुराडं कच्चं ठेवू नका. तुमचा कुत्रा शहाणा असेल, गावातले सगळे नसतात.

• कोंबडीसाठी म्हणून मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मोठा कुत्रा ती दातानं, पंजानं फाडतो. वेल्डिंगची जाळी लावा.
• जाळी जमिनीत एक फूट गाडा. खडकाळ जमीन असेल तर बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरून वर दगड ठेवा. उकरणारा कुत्रा कडेलाच उकरतो, तिथं जाळी लागली की सोडून देतो.
• लाकडी खुराडं जमिनीपासून दोन-तीन फूट उंच ठेवा.
• दाराला नुसती दोरी नको, खिट्टी हवी. कुत्रा नाकानं दार ढकलतो.
• पिल्लांवर डालगं झाकलं तर वर जड दगड ठेवा. रिकामं डालगं कुत्रा सहज उलथवतो.
• दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत. भटक्या टोळ्या बहुतेक रात्री आणि पहाटे फिरतात.

नेमकं कोणी मारलं?

आळ घेण्याआधी जागा नीट बघा. बऱ्याच कोंबड्या मेलेल्या, अंगणभर पिसं, पाठीवर-छातीवर चावे आणि न खाल्लेली मढी पडलेली असतील तर काम बहुधा कुत्र्याचं. एक-दोनच मेलेल्या, मानेला चावा किंवा मुंडकं गायब असेल तर मुंगूस किंवा रानमांजर असू शकतं. दिवसाढवळ्या पिल्लू एकदम नाहीसं झालं, मागं काहीच खूण नाही, तर घार किंवा शिक्रा. अंडी गायब आणि टरफलही नाही, तर साप. ओल्या मातीत पावलं उमटली असतील तर झाडून टाकण्याआधी फोटो काढून ठेवा. शेजाऱ्याशी बोलताना आरडाओरड्यापेक्षा तो फोटो कामाला येतो.

घडलंच तर काय करायचं?

कोंबडी जिवंत असेल तर तिला टोपलीत, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. पिसं बाजूला करून कातडी बघा. दाताची भोकं पिसांखाली दिसत नाहीत आणि दोन दिवसांत त्यात अळ्या पडतात. कोमट मिठाच्या पाण्यानं धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा. इतर कोंबड्यांत सोडू नका, लाल जखम दिसली की त्या चोची मारतात. जखम खोल असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. वाचलेल्या कोंबड्या काही दिवस अंडी देणार नाहीत. भीती गेली की परत सुरू होतात.

कुत्र्याच्या तोंडातून कोंबडी सोडवताना माणसाला दात लागतो, हे नेहमी होतं. घरचा कुत्रा आहे म्हणून सोडून देऊ नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. चुना, तिखट, हळद यांपैकी काही लावू नका. रेबीज झाल्यावर वाचवणारं औषध नाही. आपल्या कुत्र्याला दरवर्षी ही लस द्या.

कोंबड्या कुत्र्यानं न मारता आपोआप पटापट मरत असतील तर मेलेल्या कोंबड्या कुत्र्याला अजिबात खाऊ देऊ नका. २००६ साली देशात बर्ड फ्लूची पहिली साथ आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळली होती. हा रोग कुत्र्या-मांजरांनाही होऊ शकतो. अशा वेळी मेलेल्या कोंबडीला हात लावू नका आणि पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवा.

आणि शेवटचं, शेजाऱ्याचं. तुमच्या कुत्र्यानं दुसऱ्याच्या कोंबड्या मारल्या तर "बांधून का नाही ठेवल्या?" असं विचारायला जाऊ नका. बाजारभावानं पैसे द्या, तलंग असेल तर तलंग द्या आणि दुसऱ्या दिवसापासून कुत्रा बांधा. कोंबड्या तुमच्या मेल्या असतील तर शांतपणे भरपाई मागा, नाही ऐकलं तर सरपंच, पोलीस पाटील किंवा तंटामुक्त समितीपुढं विषय न्या.

रागाच्या भरात कुणी कुत्र्याला भाकरीतून विष घालतं. हे करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणं जनावराला विष घालणं, मारणं, अपंग करणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ते विष कुणाची शेळी, कुणाचं मांजर, कधी अंगणात खेळणारं मूल उचलेल, याचा नेम नाही. एका कोंबडीपायी दोन घरं जन्माची तुटलेली आपण सगळ्यांनीच बघितली आहेत.

भटक्या कुत्र्यांचा त्रास गावभर असेल तर ग्रामसभेत विषय मांडा. नसबंदी आणि रेबीज लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

कुत्रा आणि कोंबडी आपल्या अंगणात पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदत आली आहेत. पिल्लूपणीच ओळख, माणसाची नजर आणि पक्की जाळी या तीन गोष्टी असतील तर पुढंही नांदतील. आज संध्याकाळी कोंबड्या आत घालताना एकदा खुराड्याच्या कडेनं चक्कर मारा आणि खालची माती कुठं उकरलेली दिसते का, ते बघा.